गाण्यांची टाकी

मोहितेकाका कुठल्याही वस्तूला आधी हाताची उलटी बाजू लावायचे. चहाच्या कपाला, रेडिओच्या पाठीला, जिन्यातल्या मीटरच्या पेटीला, शेजारच्या रडणाऱ्या पोराच्या कपाळाला. तळहात कधीच नाही. "तळहाताला तीस वर्षांचे घट्टे आहेत, तो काहीही सांगतो," असं म्हणायचे. "उलटी बाजू अजून कोरी आहे." हात लावून दोन श्वास थांबायचे आणि निकाल द्यायचे: थंड, कोमट किंवा गरम. चौथा निकाल त्यांच्याकडे नव्हता.

काका जाऊन आता काही वर्षं झाली. त्यांच्याबद्दल लिहा असं मला कोणी सांगितलेलं नाही. लिहू नये असं मात्र एका माणसाला बरेच दिवस वाटत होतं, आणि तो मीच. कारण त्यांच्याबद्दल लिहायचं तर मधे मी येतो, आणि मी जिथे येतो तिथे मी काही बरा दिसत नाही. आमच्या त्या इमारतीतले लोक आजही मला सज्जन समजतात. समजोत. इथे खरं ते लिहितो.

अंबरनाथ पूर्वेला, मोरिवलीच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची तीन मजली जुनी इमारत. मी पहिल्या मजल्यावर आणि काका बरोबर माझ्या डोक्यावर, दुसऱ्या. मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो, कारण दुसऱ्या कोणाला व्हायचं नव्हतं आणि माझं अक्षर बरं होतं. काका मला नावाने कधी हाक मारत नसत. "काय सेक्रेटरी, आज कोमट दिसताय," असं जिन्यात विचारायचे.

मोरिवलीच्या एका रंगाच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं बॉयलर सांभाळला होता. बॉयलरवाल्याला दर तासाला आकडे लिहावे लागतात: प्रेशर किती, पाण्याची पातळी किती, धूर कसा. नोकरी सुटली, लिहिणं सुटलं नाही. घरात एक लांबट रजिस्टर होतं आणि त्यात गॅसचा सिलिंडर कधी लागला इथपासून ते पंख्याला तेल कधी घातलं इथपर्यंत सगळं होतं, प्रत्येक ओळीपुढे सही.

"लग्नाच्या पहिल्या वर्षी मी कितीदा रुसले तेसुद्धा लिहून ठेवलं असेल ह्यांनी," काकू एकदा म्हणाल्या.

"सात," काका पेपरातून मान वर न काढता म्हणाले.

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी, दिवाळी उलटल्यावर, ते विठ्ठलवाडीच्या एका बंद पडलेल्या सायबर कॅफेतून एक भलाथोरला पांढरा कॉम्प्युटर रिक्षातून घेऊन आले. दोन हजार सहा-सातचा तो काळ. घरोघरी कॉम्प्युटर यायला लागले होते, पण ते पोरांच्या अभ्यासाच्या नावाखाली. साठीचा माणूस स्वतःसाठी आणतो, तोही मॉनिटरवर कपडा न टाकता, हे आमच्याकडे नवीन होतं.

"ह्याचं काय करणार काका?" मी विचारलं.

"टाकी."

"कसली टाकी?"

"सेक्रेटरी, तुमच्या डोक्यात पाणीच भरलंय. गाण्यांची टाकी. आपली गच्चीवरची टाकी कशी असायला हवी होती? एकदा भरली की घरोघरी नळ. तसं. सगळी गाणी, सगळी लग्नं, बारशी ह्याच्या पोटात. इथून वायर गेली की ज्याच्या घरी कॉम्प्युटर त्याच्या घरी नळ. चोवीस तास. ह्याला बंद करायचं नाही."

गच्चीवरची टाकी तेव्हा फुटून पडली होती, आणि बारवी धरणाचं पाणी थेट लाइनीतून नळाला यायचं, येईल तेव्हा. त्याबद्दल पुढे येईलच.

टाकीचं खरं कारण दोन पत्र्याच्या ट्रंकांत होतं. काकांचे थोरले भाऊ, ज्यांना ते नुसतं दादा म्हणत, एका गायन पार्टीत गायचे. जयंतीला, लग्नांना, नामकरणाला, कल्याणपासून थेट कोकणातल्या त्यांच्या गावापर्यंत. ट्रंकांत त्या पार्टीच्या कॅसेटी होत्या. बहुतेकांत दादा कोरसमध्ये होते. एकाच कॅसेटमध्ये एक पूर्ण गाणं त्यांचं एकट्याचं होतं. दादा गेले त्याला वीस वर्षं झाली होती.

"फोटो चार आहेत," काका म्हणायचे. "आवाज एकच."

ती कॅसेट ते कोणाला हात लावू देत नसत. फीत जुनी होऊन चिकट झाली होती. फार तर एकदा-दोनदा वाजेल असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणून मशीन आधी पक्कं झालं पाहिजे, मग दादा. तोवर बाकीच्या कॅसेटी एकेक करून टाकीत जाऊ लागल्या. तळमजल्यावरच्या म्हात्रेबाईंनी आपल्या हळदीची गाणी दिली, तिसऱ्या मजल्यावरून लग्नाची सीडी आली. खिडकीखिडकीतून निळी वायर लोंबू लागली. पहिली वायर काकांनी माझ्याकडे सोडली.

"सूनबाईंना गाण्याची फार आवड," ते म्हणाले. "बघतो ना मी, पाण्याच्या वेळेला रेडिओ कसा मोठ्याने लावतात."

मी मान हलवली. माझी बायको मंदा आत स्वयंपाकघरात होती, तिने ताट जरा जोरात ठेवलं.

आठवड्याभरात टाकी बसायला लागली. चालता चालता मशीन आपोआप बंद व्हायचं आणि पुन्हा सुरू व्हायचं. काका त्याला कारखान्यातल्यासारखं 'ट्रिप' म्हणायचे. कधी सकाळी सातला, कधी संध्याकाळी सहाला, कधी दुपारी. नवीन रजिस्टर उघडलं गेलं: तारीख, वेळ, हवा, मशीनची गरमी, कारण, सही. गरमी हाताच्या उलट्या बाजूने. कारणाच्या रकान्यात पहिल्या पानावर ओळीने 'गरमी' लिहिलेलं होतं. बॉयलरवाल्याला जगातला प्रत्येक बिघाड गरमीचा वाटतो. त्यांनी मशीनचं एका बाजूचं झाकण काढलं. मग दुसऱ्या बाजूचं. मग काकूंचा टेबलफॅन त्याच्यासमोर लावला.

"मला घाम येतो तेव्हा म्हणतात, पदराने वारा घे," काकू म्हणाल्या. "ह्याला मात्र पंखा."

"तू ट्रिप होत नाहीस."

"होऊन दाखवू?"

पंख्याने फरक पडला नाही. मग काकांनी रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने घासले. हार्ड डिस्कखाली लाकडी पट्ट्या लावल्या. मदरबोर्डवरचे छोटे ड्रम, ज्यांना कपॅसिटर म्हणतात, त्यांतला कोणी फुगलाय का ते भिंग घेऊन पाहिलं; दोन फुगलेले निघाले, ते बदलून आणले. तरी ट्रिप. "बिघाड लाजरा असतो," ते म्हणायचे. "बघायला बसलं की येत नाही. आपण चहाला उठलो की आला." आणि दुसरं एक वाक्य होतं, ते म्हणताना बोट वर करायचे: "मशीन खोटं बोलत नाही, सेक्रेटरी. माणसाला ऐकू येत नाही एवढंच."

रविवारी ते मला घेऊन उल्हासनगरच्या बाजारात जायचे. तिथे एका सिंधी शेठचं कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं अरुंद दुकान होतं. काका आत शिरले की शेठ उभा राहायचा, आदराने की धास्तीने ते सांगता येणार नाही.

"आओ साईं. आज काय बसलं?"

"तेच बसलं. डबा दाखवा."

डबा म्हणजे मशीनला वीज पुरवणारी लोखंडी पेटी, दुकानात तिला एसएमपीएस म्हणतात. शेठने तीन मांडल्या. "ये ओरिजिनल. ये ओरिजिनलके जैसा. और ये... चलेगा."

काकांनी तिन्ही उचलून पाहिल्या, मग दोन घेऊन सरळ रस्ता ओलांडला आणि समोरच्या पापडवाल्याच्या काट्यावर ठेवल्या.

"काका, एसएमपीएस है, भेंडी नहीं!" शेठ फळीमागून ओरडला.

"हलका डबा म्हणजे आत तांबं कमी," काका तिथूनच ओरडले. "स्टिकर कोणी पण छापतो. वजन कसं छापणार?"

आणि खरोखरच ओरिजिनलपेक्षा ओरिजिनलसारखा दीडपट जड भरला. शेठ डोकं खाजवत म्हणाला, "मेरेको भी नहीं मालूम था." पापडवाला मात्र फुकट तोलून द्यायला तयार नव्हता, त्याचा पाव किलो माल उचलावा लागला. पुढे प्रत्येक भाग असाच तोलून घेतला गेला, आणि त्या वर्षी आमच्या दोन्ही घरांत पापड काही संपले नाहीत.

शेठने एकदा कळकळीने सांगितलं, "काका, एक यूपीएस लगा दो, छूट जाओ. बॅटरीवर चालेल."

"म्हणजे ताप आल्यावर थर्मामीटर फोडायचा?" काका म्हणाले. "कारण सापडल्याशिवाय लावणार नाही."

शेवटी शेठच्या आग्रहाने एक स्टॅबिलायझर मात्र घेतला. तो दिवसभर टकटक करायचा आणि त्याच्या टकटकीने मशीन दुप्पट बसायला लागलं. चौथ्या दिवशी स्टॅबिलायझर काकूंच्या फ्रिजला गेला.

आता माझं सांगतो.

आमच्याकडे पाण्याची वेळ ठरलेली नव्हती. लाइनवाला व्हॉल्व्ह सोडेल तेव्हा पाणी. या आठवड्यात सकाळी, पुढच्यात संध्याकाळी. आलं तरी पहिल्या मजल्यापर्यंत दोऱ्यासारखी धार. मंदा तळमजल्यावरून कळशा वाहायची आणि तिची कंबर गेली होती. मी लाइनीला थेट एक अर्ध्या एचपीची मोटर जोडून घेतली. ओट्याखाली, पिठाच्या डब्यामागे, गोणपाटात गुंडाळून. मोटर लागली की आमच्याकडे धबधबा, आणि वरच्या मजल्यांना नुसती हवा. आवाज झाकायला मंदा रेडिओ लावायची.

काही दिवसांनी तिसऱ्या मजल्याने तक्रार केली की कोणीतरी मोटर लावतंय. सोसायटीची मीटिंग झाली, ठराव झाला: लाइनीला मोटर लावणाऱ्याचं पाणी तोडण्यात येईल. नोटीस जिन्यात चिकटली. अक्षर माझं होतं. खाली सहीही.

मोटरचा आणि काकांच्या मशीनचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ते काकूंनी घातलं. एप्रिलमध्ये मी वर चहाला बसलो होतो. काका मशीनच्या पोटात डोकं घालून बसले होते. काकू आतून म्हणाल्या, "अहो, एक सांगू? माझा नळ जातो ना, तेव्हाच तुमचं हे बसतं. मी तीन-चारदा बघितलं."

"पाण्याचा आणि मशीनचा काय संबंध?" काका आतूनच म्हणाले. "तुझा नळ गरमीने जातो का?"

"मला काय ठाऊक. दिसलं ते सांगितलं."

"सांगू नये असं नाही," काका डोकं बाहेर काढून मला डोळा मारत म्हणाले, "पण लिहिण्यासारखं नाही."

मी हसलो. कप खाली ठेवताना बशीत चहा सांडला. घरी आलो, मोटर लावली आणि वर डोळे लावून बसलो. आमच्या ट्यूबलाइटने क्षणभर मान टाकली आणि सावरली. त्याच क्षणी वरून काकांचा आवाज आला, "बसलं!" मोटर सुरू होताना वीज एकदम ओढते. त्यांची आणि माझी लाइन जिन्यातल्या एकाच जुन्या वायरवर होती. माझ्या ओट्याखालची मोटर त्यांच्या घरातली टाकी पाडत होती.

मी काय करायला हवं होतं ते मला तेव्हाही माहीत होतं. वर जाऊन एक वाक्य बोलायचं. पण ते वाक्य बोललो की नोटिशीखालची सही वाचली जाणार. मी मोटर कमी लावायला लागलो, एवढंच केलं. आणि रविवारी उल्हासनगरला जाऊन त्यांच्याबरोबर डबे तोलत राहिलो.

मे महिन्यात आम्ही दोघं मंदाच्या माहेरी गेलो. जायच्या आदल्या दिवशी काकांनी अखेर तो दीडपट जड डबा आणून बसवला होता. परत आलो तर काका जिन्यातच भेटले, चेहरा असा की मुलगी उजवली.

"बारा दिवस, सेक्रेटरी! बारा दिवस विनाट्रिप! वजन, म्हटलं नव्हतं? सगळा खेळ वजनाचा होता!"

मी बॅग एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणालो, "वा."

"उद्या दादा. तुम्ही यायचं. तुम्ही माझ्याबरोबर फिरलात, तुम्ही पाहिजेच."

त्या रात्री मी मंदाला सांगू शकलो असतो की उद्या मोटर लावू नकोस. सांगितलं असतं तर तिने कारण विचारलं असतं. मी विचार केला, पाणी कदाचित येणारच नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, काकूंनी पापड तळले होते. काकांनी अंघोळ करून पांढरा सदरा घातला होता. जुना कॅसेट डेक मशीनला जोडलेला. काकांनी ओठांवर बोट ठेवलं, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि कॅसेटची कळ दाबली.

आधी खरखर, मग ढोलकी, मग दादांचा आवाज. मोठा, मोकळा, कष्टाच्या माणसाचा. 'उठ गं माये, उंबऱ्याशी उजेड आलाय' असं ते गाणं होतं. काका डोळे मिटून ओठ हलवत होते, पण आवाज काढत नव्हते. ते कधीच गात नसत. "आमच्यात गळा दादाला मिळाला, मला नुसता घसा," म्हणायचे. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं.

तेवढ्यात स्वयंपाकघरात काकूंचा नळ खोकला. पाणी यायच्या आधी नळातून हवा येते, तो आवाज. मी ओळखला. खाली मंदालाही तो ऐकू आला असणार. माझ्या खुर्चीपासून दार चार पावलांवर होतं, आणि दारापासून माझं घर एका जिन्यावर. उठलो असतो तर पोचलो असतो. काकांचं बोट अजून ओठांवर होतं. उठलो तर नंतर सांगावं लागेल का उठलो. मी हातातला पापड धरून बसून राहिलो.

खालून रेडिओ मोठा झाला. ट्यूबलाइटने मान टाकली. मशीन बसलं.

दादा मात्र डेकमधून गात राहिले, कुठेच न नोंदता. काकांनी घाईने कॅसेट थांबवली, मागे फिरवली. फीत अडकली. त्यांनी कळ सोडली तोवर डेकने ती आत ओढून चघळली होती. काकूंच्या पेन्सिलने, चिमट्याने, तासभर प्रयत्न झाले. पुढच्या दोन कडव्यांची फीत चुरगाळून तुटली. मशीनच्या पोटात आधीचा तुकडा तेवढा वाचला होता.

पापड तसेच राहिले. निघताना मी पाहिलं तर ते रजिस्टर लिहीत होते.

काय लिहिलं ते मला तीन दिवसांनी कळलं. काकू खाली आल्या आणि म्हणाल्या, "सेक्रेटरी, जरा समजवा ह्यांना. मशीन भंगारात द्यायला निघालेत. जेवणसुद्धा मोजून दोन घास." मी वर गेलो. काका गॅलरीत बसले होते. रजिस्टर उघडं पडलं होतं. रविवारच्या ओळीत, कारणाच्या रकान्यात, लिहिलं होतं: ऑपरेटरची चूक.

"तीस वर्षं," काका म्हणाले. "तीस वर्षांत हे दोन शब्द माझ्या नावापुढे आले नाहीत, सेक्रेटरी. बॉयलर फाटला नाही, कोणाला भाजलं नाही. आणि स्वतःच्या भावाला... कारण सापडायच्या आत कॅसेट लावली. घाई केली मी."

मी उभाच होतो. बसलो असतो तर बोललो नसतो.

"काका, माझ्या घरी मोटर आहे."

"कसली?"

"पाण्याची. लाइनीला. ती लागली की ट्यूब मान टाकते. तेव्हाच तुमचं मशीन बसतं."

काकू दारात आल्या होत्या. "मग ती जिन्यातली नोटीस कोणी लिहिली होती?"

"मीच."

"अक्षर छान होतं," त्या म्हणाल्या.

मी काकांकडे बघायची हिंमत केली. वाटलं होतं ओरडतील. ते ताडकन उठून उभे राहिले होते आणि त्यांचे डोळे चमकत होते.

"किती एचपी?"

"अर्धा."

"खाली जा. चालू करा."

"काका, आत्ता पाणी नाहीये."

"पाण्याला कोण विचारतंय! दोन सेकंद लावा नि बंद करा. मी हाक मारतो."

मी खाली गेलो. मंदा बघत राहिली. वरून गॅलरीतून आरोळी आली, "मारा!" मी बटण दाबलं.

"बसलं!" वरून काका किंचाळले. "बसलं, बसलं! परत!"

"मारा!" "बसलं!" असं पाच वेळा झालं. पाचव्यांदा तर ते टाळ्या पिटत होते. तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी वाकून विचारलं, "काय झालं काका? काय बसलं?"

"काही नाही!" काका ओरडले. "मशीन चांगलं आहे! पहिल्यापासून चांगलं आहे!"

मी वर आलो तेव्हा त्यांनी माझा हात धरून मला खुर्चीत बसवलं आणि चहा सांगितला. रागाचा मागमूस नव्हता. त्यांचा डबा बरोबर होता, रॅम बरोबर होती, त्यांची निवड बरोबर होती. "मी सांगत होते, नळ नळ," काकू म्हणाल्या. "तू सांगत होतीस," काकांनी मान्य केलं. "लिहिण्यासारखं होतं. चुकलो." आणि खरोखर त्यांनी मागच्या एका पानावर जाऊन समासात काकूंचं नाव घालून लिहिलं: सुमनने सांगितले होते. सही.

मग ते एकेक तारीख वाचू लागले आणि मी हो म्हणू लागलो. रविवारच्या ओळीवर बोट थांबलं.

"ह्या वेळी तर तुम्ही इथे होता. माझ्या शेजारी."

"मंदाने लावली असेल," मी म्हणालो.

शब्द न् शब्द खरा होता. मंदानेच लावली होती. काकांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग 'ऑपरेटरची चूक' खोडलं आणि वर लिहिलं: बाहेरील कारण. माझं नाव त्या रजिस्टरात कुठेही आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी मोटर काढली, तेव्हा ओट्याखाली टॉर्च धरून काका बसले होते. लोकांना त्यांनी एवढंच सांगितलं की व्होल्टेजचा दोष होता, सापडला. संध्याकाळी वरून काकूंचा आवाज आला, "अहो, नळाला धार आली! मशीन सुधारलं की पाणीसुद्धा येतं वाटतं!"

वर्षभराने ते मुलाच्या घरी बदलापूरला गेले. टेम्पोत सगळं सामान मागे आणि मशीन मात्र काकांच्या मांडीवर, गोधडीत. मी जाईन जाईन म्हणत सहा महिने घालवले. गेलो तेव्हा बारवीच्या रस्त्याला नवीन इमारत, चौथा मजला, दारात काकू.

"या सेक्रेटरी. पाणी पिणार का? इथे भरपूर आहे," त्या म्हणाल्या आणि स्वतःच हसत आत गेल्या.

काका बारीक झाले होते. टाकी खिडकीशी चालू होती, दोन्ही झाकणं लावलेली. मी रजिस्टरबद्दल विचारलं.

"बंद केलं. लिहिणार काय? सहा महिन्यांत एक ट्रिप नाही." त्यांचा चेहरा जरा पडला. "मजा गेली हो. मशीन नुसतं चालतंय."

मग म्हणाले, "थांबा, तुम्हाला एक ऐकवायचंय."

ढोलकी वाजली. दादा. पहिलं कडवं, दुसरं. मग एक बारीक टक्, जिथे ट्यूबलाइटने मान टाकली होती. आणि त्यानंतर दुसराच आवाज सुरू झाला. जाड, सपाट, बॉयलरच्या गडगडाटावरून हाक मारायची सवय असलेला. ढोलकी नाही, ताल जेमतेम. काका तिसरं कडवं गात होते.

"आला भोंगा!" स्वयंपाकघरातून काकू ओरडल्या. "चाळीस वर्षं गायले नाहीत, आता बिल्डिंगला रोज ऐकवतात!"

"शब्द पाठ होते," काका माझ्याकडे न बघता म्हणाले. "टाकीत अर्धं पाणी ठेवून कसं चालेल."

त्या आवाजात ते चौथ्या कडव्याला लागले तेव्हा मी बोललो. "काका, त्या दिवशी तुमचा नळ खोकला ना, तो मी ऐकला होता. खाली मोटर लागणार हे मला कळलं होतं. मी उठलो नाही."

त्यांनी गाणं बंद केलं नाही. बारीकही केलं नाही. खुर्ची थोडी पुढे ओढली, उजवा हात उचलला आणि त्याची उलटी बाजू माझ्या कपाळाला लावली. दोन श्वास थांबले. हात हलका होता.

"उतरलाय," ते म्हणाले.

मग तोच हात त्यांनी मशीनच्या पाठीला लावला आणि डोळे मिटून, ओठ हलवत, स्वतःचं गाणं शेवटपर्यंत ऐकत बसले.